रूपालीकाकींचा पिवळा दिवा

"ईशू, मागं बस," पप्पा म्हणाले.

मी डाव्या सीटवर बसून पट्टासुद्धा लावला होता. दाराबाहेर मोनाताई उभी होती. तिच्या हातात गाडीतला बिघाड दाखवणारा तो निळा स्कॅनर, आणि त्याची वायर पप्पांच्या गुडघ्यावरून स्टिअरिंगखाली गेलेली.

"मागून वायर पुरत नाही गं," मोनाताई म्हणाली.

"मग लांब वायर घ्यायची."

"ईश्वरी," पप्पा म्हणाले. ते माझं पूर्ण नाव घेतात तेव्हा विषय संपलेला असतो. मी पट्टा सोडला, उतरले, मागे जाऊन बसले आणि दार नको तितक्या जोरात लावलं.

"दार लागलं," पप्पा म्हणाले. "आता गाडी हलवू का?"

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आलेय, चारशे पोरांसमोर माईक हातात घेऊन बोलते आणि पाय लटपटत नाहीत. पण तेव्हा माझ्याकडे अभिमानाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती डावी सीट.

आमचं गॅरेज विट्यात, मायणी रोडला. पप्पांनी वीस वर्षं डिझेल इंजिनांवर वाकून काम केलं आणि त्यात त्यांचा डावा कान कामातून गेला. बारीक आवाज त्यांना त्या कानाने येतच नाहीत. म्हणून गाडी दुरुस्त झाली की ट्रायलला ते मला शेजारी बसवायचे. काचा वर, पंखा बंद. "ईशू, कान लाव," म्हणायचे. मी डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, मागच्या उजव्या चाकात बेअरिंग किरकिरतंय, नाहीतर डॅशबोर्डमध्ये एक स्क्रू मोकळा आहे. गिऱ्हाइकं हसायची. पण पप्पा स्क्रू शोधायचे आणि तो सापडायचाच. 'माझा डावा कान' अशीच ते माझी ओळख करून द्यायचे. मला ते कुठल्याही पदवीपेक्षा मोठं वाटायचं.

मग जूनमध्ये मोनाताई आली. आत्याची मुलगी, जतची. बारावी झाल्यावर तिला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करायचा होता आणि तिचे वडील म्हणत होते, पोरीच्या जातीला पान्ना कशाला हातात. पप्पा स्वतः जतला गेले, तिची पत्र्याची पेटी उचलून डिकीत घातली आणि तिला घेऊन आले. माझ्या खोलीत तिची कॉट आली, माझ्या कपाटाचे दोन कप्पे तिचे झाले. त्याचं मला काही वाटलं नाही. शपथेवर सांगते, कप्प्यांचं काही वाटलं नाही.

पण पप्पा तिला 'इंजिनिअर' म्हणायला लागले.

मला मागं बसवलं ती गाडी रूपालीकाकींची, तेव्हा ती तिसऱ्यांदा गॅरेजला आली होती. काकी आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांचे मिस्टर कोइमतूरला गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायचं काम. आमच्याकडं घराघरातला एखादा माणूस त्या धंद्यात असा लांब असतो. दिवाळीत ते आले आणि ही पांढरी गाडी दारात लावून गेले. काकी चार महिन्यांत गाडी शिकल्या आणि लेंगऱ्याच्या शाळेत शिकवायला जायला लागल्या. साडीचा पदर कमरेला खोचून, काळा गॉगल लावून त्या निघाल्या की गल्लीतल्या बायका झाडू हातात धरून बघत राहायच्या.

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. गाडी पळायला एकदम झकास, ना धूर, ना धक्का, ना आवाज. नुसता दिवा. पप्पा स्कॅनरवरून तो घालवायचे आणि काही दिवसांनी तो परत हजर.

"ही गाडी पेट्रोलची वाफ बाहेर सोडत नाही," मोनाताई मागे वळून मला समजावत होती. मी विचारलं नव्हतं. "टाकीतली वाफ नळीतनं एका डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात कोळसा असतो. तो वाफ धरून ठेवतो, मग इंजिन ती ओढून घेतं. आणि गाडी मधूनमधून स्वतःच स्वतःला तपासते. वाफेची सगळी दारं बंद करून बघते, कुठनं वाफ निसटतेय का. निसटली की दिवा."

"कुठनं निसटतेय?"

"तेच तर सापडत नाही."

"आवाज येतो का निसटताना?"

"छे. सुईच्या भोकाएवढी गळती असते ती. कानाला काय कळणार?"

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मनातल्या मनात तिची पेटी जतच्या एसटीत चढवून दिली.

पप्पा तिच्याकडे वळले. "मग इंजिनिअर, काय करायचं?"

"धूर सोडून बघू, मामा."

आमच्याकडे धूर सोडायचं मशीन नव्हतं. मोनाताईने ते बनवलं. रंगाचा रिकामा डबा, त्यात तेल, ते तापवायला एका भंगार जीपचा ग्लो प्लग आणि हवेची नळी. डब्यातून पांढरा धूर निघाला आणि तिने तो गाडीच्या नळीत सोडला. जिथून धूर बाहेर येईल तिथे गळती. आम्ही सगळे गाडीभोवती वाकून बसलो. पप्पा तर सतरंजी टाकून गाडीखाली झोपले. कुठूनच धूर आला नाही. टाकीच्या झाकणापाशीसुद्धा नाही.

म्हणजे तिला काही सापडलं नव्हतं. तरी पप्पा उठले, अंग झटकलं आणि म्हणाले, "पोरीनं डब्यात मशीन बनवलं. सांगलीच्या शोरूममध्ये असलं मशीन एसी खोलीत ठेवत्यात." शेजारच्या टायरवाल्यांनाही बोलावून दाखवलं. टायरवाले हसून म्हणाले, "कांबळे, तुम्हाला आता आराम. भाचीनं गॅरेज घेतलं म्हणायचं."

"आणि आपल्या ईशूनं?" टायरवाल्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"तिचा कान आहे की," पप्पा म्हणाले. पण त्यांचं लक्ष डब्याकडे होतं.

गाडी स्वतःला तपासते त्याला एक अट होती. टाकी रिकामी असली किंवा काठोकाठ असली तर गाडी स्वतःला तपासत नाही, ती साधारण अर्धी लागते. मोनाताईने पुस्तकातून ते शोधून काढलं होतं. त्यामुळे काकींना दर वेळी निरोप जायचा, येताना पेट्रोल टाकून या. काकी आज्ञाधारक. मास्तरीणबाई आहेत, दुसऱ्याने दिलेला गृहपाठही त्या वेळेवर करतात.

चौथ्यांदा दिवा लागला तेव्हा मी शाळेतून येत होते. काकींनी मला रस्त्यात बघितलं आणि गाडीत घेतलं. मी न विचारता डाव्या सीटवर बसले.

"तुझ्या मोनाताईला सांग, कंटाळले मी," काकी म्हणाल्या. "आमच्या आक्का म्हणतात, गाडीलाच नजर लागलीय. मी म्हटलं, गाडीला कशाची नजर, हिला झाकणं आणि नळ्या लागल्यात."

पंपावर काकी आतच बसून राहिल्या, मुलांच्या वह्या तपासत. पंपावरच्या माणसाने झाकण फिरवलं. मी खिडकी उघडी टाकून बसले होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पेट्रोलच्या गाडीचं झाकण तापल्या दुपारी उघडलं की 'फुस्स' होतं. आत कोंडलेली वाफ सुटते. इथे काहीच झालं नाही. झाकण आपलं मुकाट्याने निघालं.

गॅरेजला आल्यावर पप्पांनी तेच झाकण उघडलं तर 'फुस्स'. चांगला लांबलचक.

मी तोंड उघडलं होतं. पण मोनाताई आधी बोलली, "मामा, स्कॅनरवर बिघाडाचा तोच कोड आलाय. आता कॅनिस्टरच बदलू."

"बदलू," पप्पा म्हणाले. "महाग आहे, पण किती दिवस या बाईला चकरा मारायला लावायच्या?"

मी तोंड मिटलं. मला कुणी कान लाव म्हटलं नव्हतं.

कॅनिस्टर सांगलीहून शनिवारी आला. पप्पांनी मला काकींकडे पिटाळलं. "जा, सांग दुपारी गाडी आणा म्हणावं. आणि पेट्रोल टाकून."

काकींचं घर म्हणजे पुढे पत्र्याची शेड, आत गाडी. मी फाटक लोटलं आणि जागीच थांबले.

ड्रायव्हरच्या सीटवर आक्का बसल्या होत्या.

आक्का म्हणजे काकींच्या सासूबाई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, सत्तरीच्या पुढच्या. आक्का त्या गाडीत कधी बसत नसत. काकी जत्रेला चला म्हणाल्या, दवाखान्यात चला म्हणाल्या, तरी आक्कांचं एकच उत्तर, "मला गाडी लागती." आणि आता त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ ताठ करून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पाय खाली टेकत नव्हते. त्यांनी स्टिअरिंग जरासं डावीकडे नेलं, जरासं उजवीकडे.

मग त्यांनी सीटखाली हात घातला आणि कुठला तरी खटका ओढला. मागे टाकीचं दार टक्कन उघडलं. आक्का उतरल्या, कनवटीचा काळा दोरा काढला, झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या मानेभोवती, बरोबर रबराच्या कड्यावर, दोरा गुंडाळायला लागल्या. ओठ हलत होते.

"आक्का."

त्या दचकल्या. झाकण हातातून पडता पडता राहिलं. "कोण गं? कांबळ्यांची पोरगी व्हय. कवा आलीस?"

"तुम्ही गाडीत बसला होता तेव्हा."

आक्कांनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणाला बोलू नगंस."

"आक्का, हा दोरा तुम्ही दर वेळी बांधता?"

"दर आवसंला. शिवाय त्यो पिवळा दिवा लागला की. दिवा लागला की मी समजती, नजर लागली. मग आनखी एक फेरा जास्ती घालती."

मी डोक्याला हात लावला. सगळं माझ्या कानात एकदम जागेवर बसलं, स्क्रू बसतो तसं. दोरा रबराखाली अडकतो, झाकण घट्ट बसत नाही, वाफ निसटते, दिवा लागतो. मग आम्हीच निरोप पाठवतो, पेट्रोल टाकून या. पंपावरचा माणूस झाकण काढतो, दोरा खाली पडतो, आणि गाडी आमच्याकडे अगदी निरोगी होऊन येते. पुस्तकात बघून आम्ही दर वेळी स्वतःच पुरावा पाडून घेत होतो.

"आक्का, दिवा ह्या दोऱ्यानेच लागतो."

मी त्यांना सगळं सांगितलं, मोनाताईने मला सांगितलं होतं तसंच. दारं बंद करून गाडी स्वतःला तपासते, हेसुद्धा. आक्कांनी ते नीट ऐकलं. हातातल्या झाकणाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी सारं माज्यामुळंच."

"पण तुम्ही कशाला मनाला लावून घेता? गल्लीतल्या बायका बघतातच तशा. नजर लागली तर त्यांची लागली असेल."

"गल्लीतल्या कशाला?" आक्का म्हणाल्या. "माजी लागती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण माझा कान चुकत नाही.

"रोज सकाळी ती चष्मा लावून निघती," त्या म्हणाल्या. "गुणाची हाय. मला कवा उलट बोलली न्हाई. पर गाडी वळणावर गेली की माज्या पोटात कायतरी जळतं. आमी कवा गावच्या वेशीच्या भाईर एकल्या गेलो न्हाई. ही बघ कशी जाती. वाईट वाटतं म्हणावं तर वाईट न्हाई, चांगलं म्हणावं तर चांगलंबी न्हाई. मग मला भ्या वाटतं, माजीच नजर लागून पोरीला रस्त्यात काय झालं तर? म्हणून बांधती. तिनं बघू नये म्हणून आत बांधती."

"काकी हसतील म्हणून?"

"हसली तर हसू दे. तिला कळंल ना, माज्या पोटात काय हाय ते."

मला डोळ्यांसमोर एसटीत चढवलेली ती पत्र्याची पेटी दिसत होती.

शेवटी मी दोरा झाकणावरून सोडवला. आक्कांना विचारलं, टाकीवरच पाहिजे का? त्या म्हणाल्या, कुठंबी चालतंय, गाडीच्या अंगाला असला म्हंजी झालं. मी आडवी झाले आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीला तो बांधला. आक्का वरून सांगत होत्या, "सात फेरं. गाठ उजव्या हातानं." मी उठले तेव्हा त्यांनी माझ्या केसांतली धूळ झटकली. "तुज्या बाला सांगू नगंस. रूपालीला तर अजाबात न्हाई."

"नाही सांगत."

कबूल करताना सोपं वाटलं. दुपारी गॅरेजमध्ये कळलं मी काय कबूल केलंय ते.

गाडी उभी. काकी बाकड्यावर. पप्पांनी नवीन कॅनिस्टर खोक्यातून बाहेर काढला, मोनाताई पान्ना घेऊन गाडीखाली निघाली.

"पप्पा, कॅनिस्टर नका बदलू," मी म्हटलं. "झाकण बदला."

मोनाताई थांबली. "झाकण बघितलं ना आपण, ईशू. धुरात पास झालं ते."

"तरी झाकणच आहे."

"कशावरून?" पप्पांनी विचारलं.

एक वाक्य. फक्त एका वाक्यात स्कॅनर, रंगाचा डबा, पुस्तक, सगळं आडवं झालं असतं. टायरवाल्यांना बोलावून पप्पांनी मला दाखवलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि बाकड्यावर काकी बसल्या होत्या, गॉगल डोक्यावर सरकवून, माझ्याकडे कौतुकाने बघत.

"आवाजावरून," मी म्हटलं. "परवा पंपावर उघडलं तेव्हा फुस्स झालं नाही."

ते खरंच होतं. पप्पा टाकीपाशी गेले आणि झाकण फिरवलं.

'फुस्स.'

काकीसुद्धा हसल्या. माझे कान तापले. पप्पा माझ्याकडे बघत होते, चिडून नाही, जरा कीव आल्यासारखं. ते मला जास्त लागलं.

"मामा," मोनाताई म्हणाली, "ती म्हणतेय तर थांबू की. नवीन झाकण घालू, कोड काढू आणि काकींना पाठवू. कॅनिस्टर कुठं पळून जातोय? दिवा परत आला तर घालू."

"तुला पटतंय तिचं?"

"पटत नाही. पण तिला आवाज आला नसेल तर आला नसेल. ईशूचा कान मी चार महिने बघतेय."

माझी बाजू घेतली तिने. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. जिंकायचं होतं मला, आणि तेसुद्धा तिने माझ्या हातात दिलं.

दिवा आला नाही. पुढची अमावास्या गेली, त्याच्या पुढचीही गेली. कॅनिस्टर सांगलीला परत गेला. टायरवाले येऊन म्हणाले, "कांबळे, कानानं डब्याला हरवलं म्हणे." पप्पांनी एका जुन्या जीपच्या ट्रायलला मला हाक मारली, "ईशू, चल." मी डाव्या सीटवर बसले. मोनाताई दारात उभी राहून हात पुसत होती. तिने मला अंगठा दाखवला.

भाळवणीच्या रस्त्याला लागल्यावर पप्पांनी खिशातून काहीतरी काढून माझ्या मांडीवर टाकलं. रूपालीकाकींचं जुनं झाकण.

"रबर बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. कोरं करकरीत. एक चीर नाही.

"हे झाकण चांगलं होतं, ईशू. मग दिवा कशानं गेला?"

मी त्यांना सगळं सांगायचे, शाळेतल्या भांडणांपासून पोटदुखीपर्यंत. आज पहिल्यांदाच माझ्याकडे असं काही होतं जे मी त्यांना देऊ शकत नव्हते.

"मला आवाज आला नाही, पप्पा. एवढंच."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. "बरं," म्हणाले. मग पुढचं वळण गेल्यावर, "काच वर घे. कान लाव."

जीपच्या पुढच्या डाव्या चाकात कचकच होती. मी सांगितली. पण ज्या सीटसाठी मी इतके महिने जळत होते, तिच्यावर बसून मला परत गॅरेजला कधी पोचतो असं झालं होतं.

परत आलो तेव्हा मोनाताई मागच्या नळावर कपड्याच्या पावडरीने हात घासत होती. कोपरापर्यंत काळं ऑइल.

"मला तरी सांग," ती मान वर न करता म्हणाली. "झाकण नव्हतं ते. मीपण रबर बघितलंय."

आक्कांनी दोन नावं घेतली होती, पप्पांचं आणि काकींचं. मोनाताईचं घेतलं नव्हतं. मी नळाच्या कट्ट्यावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. स्टिअरिंग, दोरा, वळणावर गेलेली गाडी, पोटातलं जळणं. मला वाटलं होतं, ती शिकलेली माणसं हसतात तशी हसेल.

ती हसली नाही. तिने नळ बंद केला. "स्वतःचीच नजर?"

"हो." मी पायाने नळाखाली साचलेलं पाणी ढकलत होते. "माझीपण लागत असेल. तुला."

"कधीपासून?"

"तू पेटी घेऊन आलीस तेव्हापासून."

मोनाताईने नखांतलं ऑइल काडीने काढलं. एका नखातलं, मग दुसऱ्या.

"मग आक्कांकडनं दोन दोरे आण," ती म्हणाली.

"दुसरा कुणाला?"

"तुला." तिने नळ परत सोडला. "तू त्यांना पप्पा म्हणतेस. मला मामा म्हणावं लागतं."